अडीच परस पाणी

भरती-ओहोटीचा धडा मी सोलापुरात एकवीस वर्षं शिकवते आहे. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाण्याचा फुगवटा दाखवायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, आणि बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. दरवर्षी एखादं पोर विचारतंच, "बाई, तुम्ही बघितलीय का भरती?" एका सहलीत गणपतीपुळ्याला दोन तास काठावर उभी राहिले होते, तेवढंच. दोन तासांत भरती कळत नाही. तिच्या मागोमाग सहा-सहा तास राहावं लागतं, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि पाठीवर पिशवी टाकून ताईच्या लेकीबरोबर देवगडपासून देवबागपर्यंत किनाऱ्यानं गेले, तेव्हा.

सगळं अंतर चाललो नाही, हे आधीच सांगते. खाड्या होडीनं ओलांडल्या, दोन टप्पे रिक्षानं केले. पण रोजचे आठ-दहा किलोमीटर पायी झाले.

पोहायला मी शिकले ती मोहोळ तालुक्यात, आमच्या मळ्यातल्या विहिरीत. कमरेला वाळका भोपळा बांधून आप्पा वरून सोडायचे. आठवड्यात भोपळा सुटला. त्या विहिरीत पोरांची एक परीक्षा असायची. बुडी मारून तळाला जायचं आणि मुठीत गाळ घेऊन वर यायचं. गाळ दाखवला नाही तर तळ गाठला म्हणायचं नाही. माझ्या दोन्ही भावांनी गाळ आणला, चुलतभावांनी आणला. मी मात्र दीड परस, म्हणजे दीड पुरुष खोल, खाली गेले की कान असे ठणकायचे की उलटी वळायचे. "भ्याली," असं सगळे म्हणायचे. मीही तेच धरून चालले. पुढं लग्न झालं, सोलापुरात आले आणि पाण्याशी संबंध उरला तो नळाचा. आमच्याकडं नळ काही दिवसांआड येतो. भांडी, बादल्या, टाकी, सगळं भरून ठेवायचं आणि पुढचा दिवस मोजत बसायचं. सव्वीस वर्षं मी पोहले नव्हते.

भाचीचा हट्ट नसता तर निघालेच नसते. ती म्हणाली, "मावशी, तू पोहतेस आणि मला कधी सांगितलंसुद्धा नाहीस." मग तयारी सुरू झाली. दोन महिने पहाटे पिशवीत आठ किलो ज्वारी भरून संभाजी तलावाच्या कडेनं फेऱ्या मारल्या. पहिल्या आठवड्यात खांदे सोलले, मग सवय झाली. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा घट्ट आवळला की निम्मं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं, हे त्या फेऱ्यांमध्येच कळलं.

खाण्याचं म्हणून बाजरीच्या आणि ज्वारीच्या कडक भाकरी घेतल्या, वर शेंगाचटणी. आमच्या हवेत कडक भाकरी पंधरा-वीस दिवस कडाकड मोडते. कोकणात तिसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी वातड झाली, इतकी तिथली हवा ओलसर. चटणी मात्र शेवटपर्यंत टिकली. जो भेटेल त्याला ती दिली आणि त्या बदल्यात सोलकढी, घावणे, शहाळी असं काय काय मिळत गेलं. सोलापुरी टॉवेलचंही सांगायला हवं. खाऱ्या पाण्यात भिजलेला टॉवेल कितीही वाळत घाला, संध्याकाळी पुन्हा दमटच. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. एकदा गोड्या पाण्यातून पिळून काढला की मग वाळतो. अंगावरच्या कपड्यांचंही तसंच आहे. मिठाचे कपडे घालून दुसऱ्या दिवशी चाललं की मांड्या आणि काखा सोलवटतात. आम्ही हे पहिल्या दोन दिवसांत शिकलो, तुम्ही घरूनच शिकून जा.

रात्रीच्या एसटीनं कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत देवगड. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं प्रवास स्वस्तात झाला. घाट उतरताना कानात दडे बसत होते. भाची म्हणाली, "थुंकी गिळ, सुटतात." गिळली, सुटले. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला, चालायला सुरुवात केली. तारामुंबरीचा पूल ओलांडून मिठमुंबरीच्या किनाऱ्याला लागलो, तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. पाणी बरंच वर होतं आणि चालायला उरली होती ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत. अर्ध्या तासात पोटऱ्या भरून आल्या. सुरूच्या बनाशी एक आजी जाळं उकलत बसल्या होत्या. आमच्याकडं बघून म्हणाल्या, "खंयसून इलात? पाठीर घर घेऊन?" सोलापूर म्हटल्यावर त्यांना पंढरपूर आठवलं. मग विचारलं, "आज तिथी कोणती?"

एकादशीचा उपास करणाऱ्या बाईला तिथी माहीत नसेल असं होत नाही. अष्टमी, म्हटलं.

"आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"सहाक भरती, बाराक सुकती. आता बसा हंय. दहा वाजता उठा नि ओल्या वाळयेतसून चाला."

लहानपणी आप्पांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली होती. तिचा कुठं उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तिथीला पाऊणानं गुणायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून हा पाऊण. मी पुस्तकातून शिकवते की भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढं जाते, आणि त्या आजी तेच तिथीनं मोजत होत्या. मी वहीत लिहून घेतलं. आता दरवर्षी तो धडा त्या हिशोबानंच सुरू करते, आणि मुलं घरून दिनदर्शिका बघून येतात.

दहाला उठलो. पाणी मागं सरकलेलं, खाली ओल्या वाळूचा रस्ता उघडा पडलेला, डांबरासारखा टणक. कुणकेश्वरला पोचायला वेळच लागला नाही. देऊळ अगदी समुद्राला चिकटून आहे. आमच्या सिद्धेश्वराला तळ्यानं वेढलंय आणि इथं समोर अख्खा समुद्र. भाची पायरीवर बसून सँडलमधली वाळू झाडत होती. टाचेला फोड आला होता तिच्या. बुटात वाळू गेली की ती पॉलिश कागदासारखी घासते, म्हणून ओल्या वाळूवर अनवाणी आणि खडकावर पट्ट्यांचे सँडल, असं आम्ही ठरवून टाकलं.

मिठबाव, तांबळडेग, मुणगे ही गावं भराभर मागं पडली. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळात तासभर बसलो. या गावात काही वर्षांनी एकदा गावपळण होते. अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री घरंदारं सोडून, गुरांढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातं. ऐकून होते, पण त्या गावच्या रस्त्यावर उभं राहून रिकाम्या घरांची कल्पना करणं वेगळंच.

तळाशील मात्र विसरणार नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांत वसलेली घरं. रात्री अंथरुणावर पडलं की पश्चिमेकडून लाटांचा आवाज येतो. पहाटे रापण लागली. होडीनं मोठं जाळं अर्धगोल टाकत नेलेलं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. पंधरा-वीस माणसं प्रत्येक दोराला. आम्ही विचारलं, हात लावू का? "लावा की!" दोर ओला, जाड, खरबरीत. पाय वाळूत रोवून, पाठ मागं टाकून, एका तालात ओढायचा. पाऊण तासात माझे तळहात लाल झाले. शेवटी जाळ्याचं पोट वर आलं आणि चांदी सांडावी तशी तारली, थोडे बांगडे. दोर ओढणाऱ्याला वाटा, हा रिवाज. आम्हालाही पुढं केला. त्या दिवशी माझी एकादशी होती. भाचीनं दोघींचा वाटा घेतला आणि ज्या घरी उतरलो होतो तिथं दिला. माझ्यासाठी त्या काकूंनी रताळी उकडली.

तिथूनच एकानं होडीनं सर्जेकोटला सोडलं आणि संध्याकाळी मालवणात पोचलो.

आता बुडीचं. किनाऱ्यावर पाय ठेवल्याबरोबर "स्कुबा, स्कुबा" करत माणसं येतात. एका ठिकाणी गेलो. त्यांनी पैसे सांगितले, वेळ सांगितली, आमच्या तब्येतीबद्दल एक शब्द विचारला नाही. भाचीला सर्दी होती, हे तिच्या आवाजावरूनसुद्धा कळत होतं. आम्ही उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी आधी कागद हातात दिला. दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, अलीकडं शस्त्रक्रिया, सर्दी. भाचीनं खरं लिहिलं. त्यांनी तिला नाही म्हणून सांगितलं, बोटीत बसून या म्हणाले. ती हिरमुसली, पण ज्याला नाही म्हणता येतं त्याच्या हाती जीव द्यावा, असं मला वाटलं. मी तिथंच नाव नोंदवलं.

द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. बोट साडेआठला निघाली आणि शिकवणाऱ्या मुलानं कारणही तेच दिलं. भरती पुरी होत आली की पाणी घटकाभर थांबल्यासारखं असतं, तेव्हा ओढ कमी. समोर सिंधुदुर्ग. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातलेला हा किल्ला वर तटापुरता दिसतो. मला त्याच्या बाजूच्या पाण्याखाली जायचं होतं. हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, 1987 साली जाहीर झालेलं. खाली प्रवाळ आहेत, म्हणून त्या मुलानं बोटीवरच बजावलं, "हात लावायचा नाय, पाय ठेवायचा नाय. तो दगड नाय, जिवंत असता तो." वाघाला कायद्याचं जे संरक्षण आहे, तेच या प्रवाळांनाही आहे.

मग खुणा. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, वर चला. तळहात आडवा हलवला की काहीतरी बिघडलंय. कानाकडं बोट म्हणजे कान दुखतोय.

"आणि ताई, श्वास धरायचा नाय. कधीच नाय. घेत राहायचा, सोडत राहायचा."

हे सगळ्यात अवघड निघालं. विहिरीत पहिली शिकवण असते ती छाती भरून घे आणि दम धर. ती अंगात मुरलेली. तोंडात नळी, नाक मुखवट्यात बंद, आणि पाण्यात चेहरा गेला की माझा श्वास आपोआप थांबायचा. तीनदा मी डोकं वर काढलं. तो मुलगा शांत होता. बोटीची कड धरायला सांगितली, फक्त चेहरा पाण्यात घालून वीस श्वास मोजा म्हणाला. त्यानं कारणही सांगितलं. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, श्वास धरून वर आलं तर फुप्फुसाला इजा होते. कारण कळलं की मी ऐकते. मोजत गेले. अकराव्या-बाराव्या श्वासाला आपला आपल्यालाच आवाज ऐकू यायला लागला, घरर्र आत, बुडबुडे बाहेर. विसाव्याला मी मोजायचं विसरले होते.

दोर धरून खाली निघालो. एक हात, दोन हात. माणूसभर खोल गेलो आणि तोच ठणका. तोच, विहिरीतला, कानात सुई घातल्यासारखा. छत्तीस वर्षांनी ओळख पटली. मी कानाकडं बोट केलं, वर जायचा अंगठाही दाखवणार होते. त्या मुलानं मला फूटभर वर घेतलं, मुखवट्यावरून माझं नाक चिमटीत धरायला लावलं आणि गाल फुगवून दाखवले. नाक दाबून हलकेच फुंकलं. दोन्ही कानांत टिक् झालं आणि दुखणं गेलं.

पाण्याखाली रडता येतं का, मला माहीत नव्हतं. येतं.

वर आल्यावर त्यानं नीट समजावलं. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, आणि पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानाच्या पडद्याला तो बदल जाणवतो. आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळवून घ्यावी लागते. नाक दाबून फुंकलं की घशाकडून कानाकडं जाणारी नळी उघडते. घाटात थुंकी गिळून दडे सुटतात, तेच. दुखायच्या आधी करायचं, दर हात-दीड हाताला, आणि जोर लावायचा नाही. सर्दीत ती नळीच बंद असते, म्हणून भाचीला नाही म्हटलं. म्हणजे विहिरीतली ती दहा वर्षांची मुलगी भ्याली नव्हती. तिला कुणी नाक दाबायला सांगितलं नव्हतं.

तळाशी आम्ही पंधरा मिनिटं होतो, पाचेक मीटरांवर. पाणी हिरवट होतं, चार-पाच मीटरांपलीकडचं धूसर. चित्रांत असतं तसं निळंशार नव्हे, आणि तसं सांगून कुणाला फसवू नये. पण खडकावर घडीघडीचे, पानांसारखे पसरलेले प्रवाळ होते, काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे थव्यानं मधून जात होते, आणि एका कपारीतून एक मोठा मासा नुसता डोळे रोखून बघत होता. तो गोबरा, असं नंतर कळलं. शेजारच्या बोटीतली माणसं माशांना ब्रेड टाकत होती. आमच्या मुलानं टाकू दिला नाही. मासे ब्रेडला लागले की खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात आणि मग ते शेवाळ प्रवाळावर चढतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

बुडी मारल्यावर लगेच घाट चढू नका, एक दिवस खालीच राहा, असंही त्यानं सांगितलं. आम्ही तसेही देवबागला निघालो होतो.

देवबागला पॅरासेलिंग केलं. दोर, छत्री, बोट, वर गेले, खाली आले. वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी एकदम दिसते, ते सुंदर आहे. पण त्यात आपण काही करत नाही, नुसते टांगलेले असतो. मला पुन्हा करावंसं वाटणार नाही. भाचीला वाटेल.

कयाक मात्र दोघींनी वल्हवली. त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाला भरती. सकाळी सातला भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून आत गेलो. वल्ही नुसती टेकवली तरी होडी पुढं जात होती. कांदळवनाच्या आत शिरलो, चिखलातून वर आलेली श्वासमुळं, खंड्या, बगळे, माथ्यावर ब्राह्मणी घार. घरमालकांनी बजावलं होतं, दहाला मागं वळा. आम्ही आत रमलो आणि निघायला अकरा वाजले. पौर्णिमा दोन दिवसांवर, उधाण जवळ आलेलं. तेवढं सगळं पाणी आता समुद्राकडं परत निघालं होतं, आणि आमची उतरायची जागा मुखापासून फार लांब नव्हती. मधोमध गेलो तर ती चुकून थेट संगमावरच्या फुटणाऱ्या लाटांत जाणार. भाची ओरडली, "मावशी, होडी आपोआप पळूलालीय!"

माझा पहिला विचार जोरात वल्हवायचा होता. मग ते वीस श्वास आठवले. मी तिला वल्हं थांबवायला लावलं आणि पाणी बघितलं. मधे ते ताणून पळत होतं, काठाशी, कांदळवनाच्या कडेला, जवळजवळ उभं होतं. होडी तिरकी धरून काठाकडं घेतली आणि मग काठाकाठानं, फांद्या धरत, पाऊण तासात उतरलो. घरमालक धक्क्यावर उभे होते. रागावले नाहीत. "पाण्याक घाई असली की आपण करू नये," एवढंच म्हणाले आणि चहा आणायला गेले. जॅकेट अंगात होतं, फोन कोरड्या पिशवीत होता, पण वेळ पाळली नव्हती. ती चूक माझी होती, कारण हिशोब मला येत होता.

पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सोलापुरात परत आलो. नळाला पाणी आलं होतं.

संक्रांतीला, सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सोडून, माहेरी गेले. भाचीही आली. आप्पा आता ब्याऐंशीचे, काठी टेकत विहिरीपर्यंत आले आणि थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या जागेवर, बसले. विहिरीत पाणी किती, विचारलं, तर अडीच परस म्हणाले. धाकट्या भावाला दोर घेऊन पायरीवर उभं केलं. इथं नळी नव्हती, म्हणून दम धरावाच लागणार होता. छाती भरून घेतली आणि बुडी मारली. नाक आधीच चिमटीत. हातभर गेले, फुंकलं, टिक्. आणखी हातभर, टिक्. पाणी गार होत गेलं, अंधारत गेलं. मग बोटांना मऊ काहीतरी लागलं.

वर आले तेव्हा मूठ आवळलेलीच होती. पायऱ्या चढून आप्पांसमोर उघडली. काळा गाळ, त्यात शिंपल्याचा एक चुरा. त्यांनी तो बोटानं चाचपला, वास घेतला आणि माझ्या भावाकडं बघून म्हणाले, "तळाचा आहे."